मुंबई बंदराचं जुनं तैलचित्र: मागितलेली किंमत आणि होणारा खर्च

अलिबाग, किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात जुना बंगला विकायला निघाला की आतलं सामानही बाहेर येतं. सागवानी कपाटं, झुंबरं, चिनी मातीची भांडी आणि क्वचित एखादं मोठं तैलचित्र: पुढे पाणी, पाण्यात फत्तेमाऱ्या आणि आगबोटी, मागे मुंबईच्या इमारतींची रांग. ‘इंग्रज साहेबानं काढलंय, दीडशे वर्षांपूर्वीचं’ असं सांगितलं जातं आणि दोन लाखांचा आकडा पुढे येतो. चित्र तेवढ्या किमतीचं असूही शकतं. पण दोन लाखांवर खर्च थांबत नाही, आणि विसार देण्यापूर्वी थोडी तपासणी केली तर मोठा फटका टळतो.

आधी ते तैलचित्रच आहे का, ते पाहा. मुंबईची जुनी दृश्यं मोठ्या संख्येनं उपलब्ध आहेत ती छापचित्रांच्या रूपात. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं काढलेली मुंबई बेटाची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये छापून निघाली. १८२० च्या दशकात ग्रिंडले आणि गोन्साल्विस यांची दृश्यं आली. छापावर हातानं रंग भरलेली अशी चित्रं काचेमागे लावली की लांबून फसायला होतं. त्याहून फसवी असतात ती ओलिओग्राफ. ओलिओग्राफ काढणारा रवी वर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला. या तंत्रात कागदावर कॅनव्हासची वीण उठवून वर व्हार्निश देत. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. छापात बारीक ठिपके दिसतात, तैलरंगात कुंचल्याचे फराटे आणि रंगाचे उंचवटे. हे भिंग काही शे रुपयांत मिळतं.

मग काळ. इथे चित्रातलं शहरच तुम्हाला मदत करतं, म्हणून या विषयाची चित्रं तपासायला मला सर्वात आवडतात. राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. ताजमहाल हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये, आणि गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. ‘१८९० चं चित्र’ म्हणून दाखवलेल्या कॅनव्हासवर ताजचा घुमट असेल तर बोलणं तिथेच संपतं. ताज आहे पण गेटवे नाही, असं असेल तर दृश्य साधारण त्या वीस वर्षांतलं. मात्र इमारतींवरून फक्त एवढंच कळतं की चित्र अमुक वर्षाच्या आधीचं नाही. जुन्या छापावरून गेल्या वर्षी काढलेल्या नकलेतही गेटवे नसणारच.

‘मांडव्याहून बघून काढलंय’ ही गोष्टही या भागात विक्रीला जोडून येते. मांडवा आणि गेटवे यांच्यामध्ये चौदा-पंधरा किलोमीटर पाणी आहे. एवढ्या अंतरावरून खिडक्या आणि कमानी दिसत नाहीत. तसा तपशील असेल तर चित्रकार बंदरात नांगरलेल्या बोटीवर, अपोलो बंदरच्या काठावर किंवा छापील दृश्यासमोर बसलेला होता.

यानंतर चित्र भिंतीवरून उतरवायला सांगा आणि पाठ बघा. विक्रेता उतरवू देत नसेल तर घेऊ नका. जुना कॅनव्हास तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो, खिळे गंजलेले असतात. पांढराशुभ्र कॅनव्हास आणि स्टेपलच्या पिना दिसल्या तर कारण विचारा. चित्र नंतर पुन्हा ताणलेलंही असू शकतं. रंग-कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, प्रदर्शनाचं लेबल, जुन्या मालकाचं नाव, सगळ्याचे फोटो काढा. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावर नंतर केलेली रंगाची डागडुजी काळपट डागांसारखी उठून दिसते. सहीसुद्धा तशी वेगळी दिसली तर ती नंतर टाकलेली असण्याचा संशय घ्या. सही हाच किमतीचा सर्वात मोठा भाग असतो. धुरंधर किंवा हळदणकर या चित्रकारांचं नाव आणि निनावी हात यांत किमतीचा फरक कितीतरी पटींचा असतो, म्हणून खोटी सही टाकण्याचा मोहही मोठा.

आता हिशेब. दोन लाखांचं चित्र बंगल्याच्या मालकाकडून, म्हणजे चित्रांचा धंदा न करणाऱ्या माणसाकडून घेतलं तर जीएसटी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. त्याआधी हा दर १२ टक्के होता. लिलावात घेतलं तर हातोडा दोन लाखांवर पडल्यावर खरेदीदाराचं कमिशन लागतं. ते २० टक्के धरलं तर ४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दरानं ७,२०० रुपये जीएसटी आणि चित्रावरचे १०,००० रुपये. एकूण २,५७,२००. बोली लावण्याआधी लिलावसंस्थेच्या अटींतले हे दर वाचा. सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू, पंडोल्स यांच्या मागील लिलावांचे निकाल पाहायला मिळतात. तोच चित्रकार, तेवढाच आकार आणि तशीच अवस्था असलेली चित्रं शोधा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा आधार भक्कम आहे.

पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय उद्या विकताना खरेदीची किंमत दाखवावी लागते. चित्र ही भांडवली मालमत्ता धरली जाते आणि दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, अधिक लागू असेल तो अधिभार आणि उपकर द्यावा लागतो.

शंभर वर्षं पुरी झालेलं चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. गेटवेच्या उद्घाटनाच्या वर्षी काढलेलं चित्रही २०२४ मध्ये त्या रेषेपलीकडे गेलं. असं चित्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावं लागतं. ताब्यात आल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. आधीच नोंदलेलं असेल तर विक्रेत्यानं हस्तांतर कळवायचं असतं. पुरावस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा, तो मागून पाहा. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मुलाच्या दिवाणखान्यासाठी चित्र घेणार असाल तर हा विचार सोडून द्या.

दुरुस्तीसाठी किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवा, असं मी सांगेन. काळवंडलेलं व्हार्निश मला घाबरवत नाही. जाणकाराच्या हातून ते निघतं आणि खालचं आकाश उजळतं. पण रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर मी ते चित्र घेणार नाही, कारण तो खर्च कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही. ओला फडका, कापलेला बटाटा, खोबरेल तेल यांपैकी काहीही चित्राला लावू देऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करा आणि कुठेही काम दिलंत तरी साफसफाई, रंग स्थिर करणं, फाटलेल्या जागा, नवी फ्रेम यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. विम्यासाठीही लेखी मूल्यांकन लागेल. घराच्या सर्वसाधारण विम्यात चित्र आपोआप धरलेलं नसतं.

चित्र तपासायला मुंबईला न्यायचं तर गेटवेच्या लाँचवर उघड्यावर नेऊ नका, खारट तुषार बसतात. मांडवा ते भाऊचा धक्का या रो-रो बोटीवर गाडी चढते. चित्र गाडीत उभं ठेवा, रंगाच्या बाजूला काही टेकू देऊ नका. अटल सेतूनं गेलात तर कारचा टोल धरा, २०२४ मध्ये सेतू सुरू झाला तेव्हा तो एका फेरीला २५० रुपये होता.

शेवटचा खर्च पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत कॅनव्हास सैल पडतो, लाकूड फुगतं, पाठीवर बुरशी धरते आणि फ्रेमला वाळवी लागते. चित्र बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या कोरड्या भिंतीवर लावा; फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. खोलीतली आर्द्रता मोजायचं यंत्र स्वस्त आहे. आर्द्रता कमी करणाऱ्या यंत्राला मात्र पंधरा-वीस हजारांच्या पुढे मोजावे लागतात, शिवाय वीजबिल. बंगला पावसाळाभर बंद राहणार असेल तर चित्र तिथे ठेवू नका, शहरातल्या राहत्या घरी न्या. तिथे जागा नसेल तर ही खरेदी करू नका.