लिनक्स आणि ई-मेल

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या ग्राहकाने इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला दूरध्वनी केला, की 'आम्ही लिनक्ससाठी मदत देत नाही' असे उत्तर पुष्कळदा मिळते. ग्राहक निमूटपणे फोन ठेवतो. वास्तविक ई-मेलचे नियम प्रणालीनुसार बदलत नाहीत. पत्र पाठवण्याचा 'एसएमटीपी' हा नियम १९८२ साली प्रसिद्ध झाला. लिनक्स आली १९९१ मध्ये! आलेली पत्रे 'पॉप' बहुधा आपल्या संगणकावर उतरवून घेतो, तर 'आयमॅप' ती सर्व्हरवरच ठेवतो. म्हणून ग्राहकाने प्रणालीचे नाव न काढता आवक व जावक सर्व्हरची नावे, पोर्ट क्रमांक आणि सुरक्षेचा प्रकार एवढेच विचारावे. ही माहिती थंडरबर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरता येते. पासवर्ड मात्र मदतनीसालाही सांगू नये. त्याला त्याची गरजच नसते.