उसाचे वाढे व दुभती गाय

कृष्णाकाठीं ऊसतोड सुरू झाली म्हणजे सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वाढ्यांच्या मोळ्या दृष्टीस पडूं लागतात. कांडें कारखान्यास जातें. हिरवा शेंडा त्यास नको असतो. तोडणीचे मजूर तो आपल्या बैलांस घालितात व उरलेला विकतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखांत तर टंचाईच्या दिवसांत हाच चारा जनावरांचा जीव वांचवितो. सन 2012-13 च्या दुष्काळांत तेथें छावण्या घालाव्या लागल्या, तेव्हां ऊस व वाढे यांचें मोल सर्वांस कळलें.

असें असतां, "वाढ्यानें गाय आटते," अशी तक्रार पुष्कळ गोठ्यांतून ऐकूं येते. ती अगदींच निराधार नाहीं. वाढ्यांत ऑक्झलेट नांवाचें द्रव्य असतें. तें पोटांतील कॅल्शियमशीं, म्हणजे हाडांस व दुधास लागणाऱ्या चुन्याच्या अंशाशीं, घट्ट बांधलें जातें व शेणावाटे निघून जातें. मग गाय दुधासाठीं आपल्या हाडांतील सांठा खर्चूं लागते. दूध कमी होतें, गाय वेळेवर माजावर येत नाहीं, व व्याल्यावर ती बसून राहण्याचें भय असतें. शिवाय वाढ्यांत प्रथिनेंही थोडीं असतात. ज्या घराचा आठवड्याचा बाजार एका गाईच्या दुधावर चालतो, त्या घरास हें नुकसान सोसवत नाहीं.

यासाठीं पुढील गोष्टी कराव्या:

1. केवळ वाढ्यावर जनावर ठेवूं नये. भुईमुगाचा वेल, घेवड्याचें भुसकट किंवा लसूणघास त्यांत मिसळावा.

2. वाढ्यांची कुट्टी करावी. कळीचा चुना पाण्यांत विरवून रात्रभर ठेवावा व सकाळीं वरची स्वच्छ निवळी तेवढी कुट्टीवर शिंपडावी.

3. दुभत्या गाईस रोज सुमारें 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावें. निवळीनें त्याची उणीव भरून निघत नाहीं.

4. हंगामांत वाढे फार झाल्यास कुट्टी खड्ड्यांत किंवा पिशवींत दाबून, हवा न राहील अशी झांकावी. सुमारें 45 दिवसांनीं मुरघास तयार होतो व तो उन्हाळ्यांत कामास येतो.

बाजारांतील टाकाऊ भाजीसही हाच विवेक लावावा. कोबी व फ्लॉवर यांचा पाला थोडा थोडा, कोरड्या वैरणींत मिसळून द्यावा. एकदम पुष्कळ घातल्यास पोट फुगतें. कोंब फुटलेले हिरवे बटाटे विषारी असतात. कांदा फार खाल्ल्यास रक्त बिघडतें. बुरशी आलेला माल देऊंच नये, कारण बुरशीचें विष दुधांतही उतरतें. भाजी प्लॅस्टिकच्या पिशवींतून आली असेल तर पिशवी व दोरा आधीं काढावा.

टाकाऊ वस्तु उपयोगी आणणें हें शहाणपण खरें. परंतु ती कोणास व किती घालावी, हें जाणणें त्याहून मोठें शहाणपण होय.

विचारण्याचे प्रश्न: (1) वाढ्यानें दूध कां कमी होतें? (2) निवळी दिल्यावरही खनिज मिश्रण कां द्यावें? (3) आपल्या गांवीं कोणता चारा वायां जातो?