पोहता येत नाही, तरी स्नॉर्कलिंग?

प्रश्न : मालवणला कुटुंबापुरती बोट ठरवून डॉल्फिन पाहायचे, स्नॉर्कलिंगही करायचे आहे. पण मला पोहता येत नाही. बेत रद्द करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नको! स्नॉर्कलिंगमध्ये बुडी मारायची नसते. लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे तरंगायचे, तोंडात धरलेल्या नळीतून श्वास घ्यायचा. आधी उथळ पाण्यात नळीचा सराव करा, भीती सरते. दमा किंवा हृदयविकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे पाणी त्यातल्या त्यात नितळ. पावसाळ्यात सारे बंदच. डॉल्फिनसाठी सकाळी लवकर निघा, आणि बोटवाल्याला पाठलाग करू नका म्हणून आधीच सांगा. फोटोसाठी माशांना पाव टाकणे मला तरी पटत नाही. प्रवाळावर पाय नको. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.