मोटारीतील थंड हवा आणि घरची दुरुस्ती

मोटारीत थंड हवा येईनाशी झाली की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते, "गॅस संपला असेल." वास्तविक हा गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपणारा पदार्थ नव्हे. बंद नळ्यांतून तोच तो पुनःपुन्हा फिरत असतो. गळती झाल्यावाचून तो कमी होत नाही. हे ठाऊक असूनही २०२४ च्या मे महिन्यात मी तो भरून घेण्याच्या बेतात होतो.

माझ्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डातून 'टक टक' असा आवाज येई. चित्रे पाहून मी त्याचे मूळ शोधले आणि आतील एक लहानशी मोटर स्वतःच बदलली. कला शाखेच्या पदवीधराने असल्या कामात हात घालावा का, हा प्रश्न घरात निघालाच! आवाज थांबला खरा, परंतु बटण अगदी थंडाच्या टोकास असूनही गरम हवा येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी वडिलांना तपासणीसाठी बांबोळीस न्यायचे होते. त्यांना दम्याचा विकार. उघड्या काचांतून येणारी रस्त्यावरची धूळ त्यांना सोसत नाही. गावातील मेस्ताने गाडी न उघडताच सांगितले, "सर, गॅस भरावा लागेल."

येथे यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. कॉम्प्रेसर गॅसवर दाब आणतो. तापलेला गॅस गाडीच्या पुढील जाळीत उष्णता टाकून द्रवरूप होतो आणि अरुंद छिद्रातून डॅशबोर्डामागील इव्हॅपोरेटरमध्ये शिरताच दाब उतरून उकळू लागतो. उकळताना तो हवेतील उष्णता शोषून घेतो. या इव्हॅपोरेटरच्या जवळच हीटर असतो, ज्यातून इंजिनाचे तापलेले पाणी फिरते. आपल्या गोव्यात हीटर लागतो कोणाला! म्हणून तो आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. या दोहोंमधील एक झडप हवेचा किती भाग हीटरवरून न्यायचा ते ठरविते. मी बदललेली मोटर याच झडपेची होती.

खिन्न मनाने गाडीपाशी उभा असता तिच्याखाली पाण्याचे लहानसे डबके दिसले. पाणी स्वच्छ होते, त्यास रंग वा वास नव्हता. दमट हवेतील बाष्प थंडगार इव्हॅपोरेटरवर जमते आणि नळीवाटे खाली ठिबकते. म्हणजे आत थंडी निर्माण होत होती, गॅसही होता! मग ती थंडी झडपेपाशीच वाया जात असली पाहिजे.

पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेतला. नवी मोटर खोक्यातून निघाली तशीच मी बसविली होती. तिचा दांडा झडपेच्या खाचेशी जुळेना, तेव्हा झडपच फिरवून जुळविली होती. त्यामुळे मोटर टोकापर्यंत फिरली तरी झडप अर्धवटच बंद होई. आता मोटर बाहेर ठेवूनच तिची वायर जोडली, चावी फिरवून बटण थंडाकडे नेले व ती थांबेपर्यंत वाट पाहिली. मग झडपही हाताने त्याच टोकास नेऊन दोन्ही जुळविली आणि स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी बांबोळीपर्यंत वडिलांनी काच उतरविण्यास सांगितले नाही.

दुरुस्तीनंतर वाराच येत नसेल तर प्रथम फ्यूज आणि पंख्याची नीट न बसलेली वायर पाहावी. बॅटरी सोडली असल्यास काही गाड्या चावी फिरविताच झडपेची टोके नव्याने शोधतात. त्या वेळी बटणांस हात लावू नये.

दोन गोष्टी मात्र घरी कधीही करू नयेत. तापलेल्या इंजिनावरील रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण उसळलेल्या पाण्याने तोंड भाजते. गॅसच्या नळ्याही सोडू नयेत. त्यांतून उडणारा द्रव कातडी गोठवितो. शिवाय पुष्कळ गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रमाणात वातावरण तापवितो. ते काम योग्य उपकरणे बाळगणाऱ्या मेस्ताचेच होय.