झाड पडलं की वेली का माजतात?

प्रश्न : येऊरच्या जंगलात मोठं झाड पडलेल्या जागी पुढे वेलींचंच रान माजतं. असं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : झाड कोसळलं की पानांच्या छताला खिंडार पडतं आणि ऊन जमिनीपर्यंत पोचतं. त्याचा फायदा वेल चटकन उठवते. स्वतःचा भार पेलणारा बुंधा तिला घडवायचा नसतो; सगळी कमाई लांबी आणि पानांवर खर्च होते.

दुसरं कारण उन्हाचं नाहीच. झाडाबरोबर त्यावरच्या वेलीही खाली येतात, पण त्यांची लवचीक खोडं सहसा मरत नाहीत. जमिनीला टेकलेल्या भागांना मुळं फुटतात, नवे धुमारे येतात. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर अभ्यास करून स्टीफन श्निट्झर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की वेलींनी गच्च भरलेल्या खिंडारात झाडांची वाढ अनेक वर्षं रखडू शकते.

येऊरचं रान मात्र पानझडी. उन्हाळ्यात ते एरवीही उघडं पडतं, त्यामुळे उक्षी किंवा पळसवेल केवळ पडझडीवर अवलंबून नसतात. पायवाटेच्या कडेलाही त्या पसरतात.

म्हणून दिसेल ती वेल छाटावी का? मुळीच नाही. हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तेव्हा वाचकांनी कोयता घरीच ठेवावा.