वस्तूंची पाठशाळा

प्रस्तावना

इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या असतात, चित्रेही असतात. तरी वाचलेले पुष्कळदा स्मरणात राहत नाही. चित्रातील वस्तू प्रत्यक्ष समोर आली तर काय घडते? संग्रहालय शालेय शिक्षणाला कसे पूरक ठरते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• निरीक्षण व अनुमान यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• संग्रहालयाच्या भेटीचे नियोजन करू शकाल.

मूळ पाठ

मोहेंजोदडो येथे 1926 साली सापडलेल्या ‘नर्तकी’चे चित्र तुम्ही पाहिले असेल. पानभर छापलेल्या चित्रामुळे मूर्ती बरीच मोठी असावी, असा समज होतो. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ही मूर्ती प्रत्यक्षात जेमतेम 10.5 सेंटिमीटर उंच आहे. हे मोजमाप डोळ्यांनी पाहिले की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात.

एवढ्याशा मूर्तीच्या हातातील बांगड्या घडविल्या कशा? कारागिराने आधी मेणाची मूर्ती केली, तिच्यावर मातीचा लेप दिला, तो तापवून मेण काढून टाकले आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला. तांबे व कथील यांचे मिश्रण म्हणजे कांस्य, हे विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य येथे इतिहासाला येऊन मिळते.

ही मुलगी खरोखरच नर्तकी होती काय? कमरेवर टेकवलेला उजवा हात आणि बांगड्यांनी भरलेला डावा हात आपल्याला दिसतो. नृत्य दिसत नाही. ‘नर्तकी’ हे नाव तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरून पुढे दिले गेले. दिसते ते निरीक्षण आणि वाटते ते अनुमान, हा भेद ज्याला उमगला, तो वर्तमानपत्रही अधिक डोळसपणे वाचतो.

संग्रहालयात केवळ प्राचीन अवशेषच असतात असे नाही. डॉ. दिनकर केळकर यांनी अकाली निधन पावलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ पुण्यात संग्रहालय उभारले आणि 1975 साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथे अडकित्ते, दिवे, वाद्ये अशा वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. अशा दालनात शाळेची पायरी न चढलेली आजीही नातवंडांची शिक्षिका होते. सुपारी कशी कातरावी, समईची वात कशी वळावी, हे तिच्या हातांना ठाऊक असते. आपल्याला जे येते तेही ज्ञानच आहे, हा विश्वास तिला तेथे लाभतो.

भेटीच्या वेळी सारी दालने धावत पाहू नयेत. तीनच वस्तू निवडाव्यात, प्रत्येकीचे रेखाटन करावे आणि एकेक प्रश्न वहीत लिहून आणावा. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडले, म्हणजे भेट सार्थकी लागली असे समजावे.

शब्दार्थ

अनुमान – दिसणाऱ्या गोष्टीवरून बांधलेला तर्क
ढब – उभे राहण्याची विशिष्ट पद्धत
दालन – मोठी खोली

स्वाध्याय

1. ‘नर्तकी’ या नावाविषयी लेखकाने कोणता प्रश्न उपस्थित केला आहे?
2. आजीला शिक्षिका का म्हटले आहे?
3. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी दोन निरीक्षणे व एक अनुमान लिहा.