गेटवर उत्तरं जुळवू नका

लातूरमध्ये बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्यांचा एप्रिल-मे परीक्षा केंद्रांच्या गेटबाहेरच जातो. माझाही जातो. नीटचा पेपर सुटला की मुलं बाहेर येतात, आई-वडील पाण्याची बाटली पुढे करतात आणि विचारतात, "कसा गेला?" उत्तर पूर्ण व्हायच्या आत मुलं एकमेकांकडे वळलेली असतात: "तो दोन विधानांचा प्रश्न, तू काय केलंस?" पुढच्या दहा मिनिटांत चांगला पेपर देऊन आलेली पोरं कशी ढासळतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. म्हणून यंदा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

२०२४ ची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी, ग्रुप पीसीएमबी. म्हणजे नीट आणि काही दिवसांतच पीसीएमची सीईटीही. ५ मे रोजी नीट झाली. फिजिक्समध्ये अणूवर दोन विधानं होती. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, कारण त्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. हिने पहिलं बरोबर, दुसरं चूक असा पर्याय निवडला. तिचं कारण साधं होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, मग 'प्रत्येक' कसं म्हणायचं?

गेटवर चौघांनी तिला घेरलं. "अगं, एनसीईआरटीतली जशीच्या तशी ओळ आहे. दोन्ही बरोबर." ओळ होतीच, पण जुन्या आवृत्तीत. नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झालेली होती आणि हिने नवी आवृत्ती वाचली होती. पण चार जण एका सुरात बोलायला लागले की त्यांच्यापुढे एकटीचा अभ्यास लंगडा वाटतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं तर एक वजा होतो, त्यामुळे एका प्रश्नाचा हिशेब पाच गुणांचा. "पाच गेले," असं ती रिक्षात बसताना म्हणाली, आणि मग जे प्रश्न पक्के आले होते त्यांच्यावरही संशय घ्यायला लागली. रात्री टेलिग्रामवर वेगवेगळ्या क्लासेसच्या आन्सर की फिरत होत्या. त्या एकमेकींशीही जुळत नव्हत्या. सीईटीला गणिताचा पेपर सोडवताना तिने आधी बरोबर काढलेली उत्तरं बदलली, हे तिने मला नंतर सांगितलं. शेवटचे प्रश्न वाचायलाही वेळ उरला नव्हता.

त्या अणूच्या प्रश्नाचं पुढे काय झालं, ते सगळ्या मुलांना माहीत असायला हवं. एनटीएच्या पहिल्या, तात्पुरत्या आन्सर कीमध्ये तिचंच उत्तर बरोबर होतं. मग हजारो हरकती आल्या, जुन्या पुस्तकाचा दाखला दिला गेला आणि दोन्ही पर्यायांना गुण दिले गेले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, त्यातल्या ४४ जणांना या एका प्रश्नामुळे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि जुलैमध्ये निर्णय आला की बरोबर पर्याय एकच, तिने निवडलेला. दुसरा पर्याय निवडणारे चार लाखांहून जास्त होते, त्यांचे गुण कमी झाले. सुधारित निकालात पूर्ण गुणांचे १७ जण उरले.

ज्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालय आणि आयआयटी लागली, त्याचा निकाल तीन तास वीस मिनिटं डोकं खपवून उपाशीपोटी बाहेर आलेल्या चार मुलांनी लावला होता. आणि तिने तो मानला. तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या वयात, त्या थकव्यात कोणीही मानेल.

गेटवर ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर खरं ठरतं. शंका असलेला मुलगा गप्प बसतो, आणि बहुतेक वेळा शंका त्यालाच येते ज्याने प्रश्न नीट वाचलेला असतो. त्यातून पेपरचे कोड वेगळे, प्रश्नांचा क्रम वेगळा. "छत्तिसावा काय?" या विचारण्याला अर्थच नसतो. सीईटीत तर प्रत्येक शिफ्टचा पेपरच निराळा. सकाळच्या शिफ्टचा मुलगा दुपारच्याला सांगतो, "मी सगळे सोडवले," आणि दुपारचा खचतो. पण सीईटीचा पर्सेंटाइल त्या त्या शिफ्टमधल्या मुलांच्या तुलनेत निघतो. तुमचा पेपर अवघड होता, तर तुमच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच होता.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलं ते जेईई अॅडव्हान्स्डच्या दिवशी. एकाच दिवशी दोन पेपर, बाराला पहिला सुटतो आणि अडीचला दुसरा सुरू होतो. एका केंद्राबाहेर कडुनिंबाखाली डबे उघडले होते. एक मुलगा काडीने मातीत कप्पी आणि दोरीची आकृती काढून घर्षणाची दिशा समजावत होता. समोरच्या मुलाच्या हातातली पोळी तशीच राहिली. त्याची आई "खा रे, खा रे" म्हणत होती आणि तो मातीतल्या बाणाकडे बघत होता. पुढचे तीन तास त्याच्या डोक्यात तो बाणच राहिला असणार. पालकांनो, त्या अडीच तासांत मुलाला घोळक्यातून बाजूला घ्या. दहीभात द्या, सावलीत पडू द्या, पेपरचं नाव काढू नका आणि इतरांनाही काढू देऊ नका. वाईटपणा आला तर येऊ द्या.

उत्तरं पडताळूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सीईटीत गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले होते. आपलं उत्तर चारही पर्यायांत नाही, असं एकट्याला वाटलं तर तो स्वतःलाच दोष देतो. अनेकांना तेच दिसलं, तक्रारी झाल्या आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. प्रश्नच सदोष असेल तर बोला, जरूर बोला, पण ते आपल्या शिक्षकांशी आणि सीईटी कक्षाशी.

पडताळणीची वेळ येते ती अधिकृत आन्सर की लागल्यावर. नीटची प्रश्नपत्रिका घरी मिळते, तेव्हा सोडवतानाच आपला पर्याय तिच्यावर खूण करून ठेवा, म्हणजे आठवणीवर विसंबावं लागत नाही. नंतर ओएमआरची प्रतही पाहायला मिळते, ती त्या खुणांशी ताडा. सीईटी आणि जेईई मेनमध्ये लॉगिनवर तुमची उत्तरं आणि आन्सर की दोन्ही दिसतात. हे काम एकट्याने, दिवसाउजेडी करा. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर पाठ्यपुस्तकाचं पान शोधा, शिक्षकांना दाखवा आणि मगच हरकत घ्या. नीट, जेईईला प्रश्नामागे २०० रुपये आणि सीईटीला १,००० रुपये भरावे लागले आहेत. पैसे भरायचे म्हटलं की कोणत्या उत्तराबद्दल आपल्याला खरोखर खात्री आहे, ते चटकन कळतं.

मधले दिवस हातावर हात धरून काढायचे का? मुळीच नाही. गेटवरच्या एका प्रश्नाने गेलेल्या जागांपेक्षा कागदांनी गेलेल्या जागा मी जास्त पाहिल्या आहेत. जात वैधता प्रमाणपत्र प्रलंबित, नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली, अधिवासाच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं. कॅप राउंड सुरू झाल्यावर तहसीलला धावणाऱ्या बापाची अवस्था बघवत नाही. रविवारी पेपर झाला की सोमवारी सकाळी फाइल उघडा, काय कमी आहे ते लिहून काढा आणि सेतू केंद्र उघडताना मुलालाच बरोबर घेऊन जा.